घाबरायला शिकवणाऱ्या महाजन मॅडम

महाजन मॅडम गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. हृदयविकाराचा झटका आला आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. शाळेत शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम अत्यंत निर्भीड शिक्षिका होत्या." मागच्या रांगेत रडत बसलेली मी, मला एकदम हसू फुटेल की काय असं झालं. निर्भीड? त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

बऱ्हाणपूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी भूगोल. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची दाराला लागून असे. पावसाची झड आत आली तरी त्या तिथून हलत नसत. बंद जागेची त्यांना विलक्षण भीती. लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. शाळेच्या बाथरूमची कडीसुद्धा लावायच्या नाहीत, मला बाहेर उभं करायच्या आणि आतून दर अर्ध्या मिनिटाला विचारायच्या, "वंदना, आहेस ना?" घरातून निघताना गॅस बंद केला की नाही हे बघायला कोपऱ्यावरून परत जायच्या. तिथवर आल्या की पुन्हा जायच्या.

पण ह्याच भीतीवर त्यांचा वर्ग चालायचा. अकरावीच्या मुली पहिल्यांदा प्रयोगशाळेत आल्या की मॅडम आम्लाची बाटली टेबलावर ठेवून म्हणायच्या, "घाबरायचं. न घाबरणाऱ्या मुलीनं माझ्या लॅबमध्ये यायचं नाही. घाबरायचं, पण हात हलू द्यायचा नाही." ऑक्सिजनच्या प्रयोगाला तर आम्ही इतर शिक्षिकाही दारात जाऊन उभ्या राहायचो. विझत आलेली उदबत्तीची काडी त्या परीक्षानळीत सोडायच्या आणि ती भक्कन पेटायची. मुली किंचाळायच्या. मॅडम दोन पावलं मागे सरून सांगायच्या, "बघितलं? हा स्वतः जळत नाही. पण जळणाऱ्याला सोडतही नाही."

महिन्यातून एकदा त्या रजा टाकून खंडव्याला जायच्या. थायरॉईडचे डॉक्टर तिथे आहेत असं सांगायच्या. सिंधीपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. लग्नानंतर सहा वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नाही, एवढंच शहराला माहीत होतं. एवढंच मलाही.

मला जे कळलं ते एका दुपारी. बारावीचं प्रात्यक्षिक चालू होतं. माझा तास नव्हता म्हणून मी लॅबमध्ये गप्पा मारायला गेले होते. मॅडमच्या हातात काचेची नळी मोडली आणि तळहातात चांगलीच घुसली. रक्ताची धार लागली. पहिल्या बाकावरची एक मुलगी धावत गेली आणि आपली ओढणी त्या जखमेवर दाबायला लागली.

"लांब हो! हात लावू नकोस! लांब हो म्हणते ना!"

मॅडमचा तसला आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. मुलगी थिजून गेली. मॅडमनी तिचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, कुठे ओरखडा आहे का, कुठे कापलंय का. मग तिला साबणानं हात धुवायला पाठवलं, सगळ्या मुलींना बाहेर काढलं आणि एका हातानं जखम दाबून धरून दुसऱ्या हातानं फरशी स्वतः पुसली. ब्लीचिंग पावडर टाकून पुन्हा पुसली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "वंदना, तूही नको." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती भीती होती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. पलीकडच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट चालू होता. त्या आवाजात, माझ्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "मला एचआयव्ही आहे. अकरा वर्षं झाली. तुला आता यायचं नसेल तर मी समजेन."

कसं झालं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी कपाट उघडून गोळ्यांची बाटली दाखवली. वरचा कागद खरवडून काढलेला. आत कापूस कोंबलेला. पर्समध्ये बाटली हलली की गोळ्या वाजतात आणि बाजूचा माणूस विचारतो, कसल्या गोळ्या? म्हणून कापूस. खरवडलेला कागद त्या घरच्या कचऱ्यात टाकत नसत. पाण्यात भिजवून, त्याचा लगदा करून मोरीत सोडायच्या. बऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यातही ह्या गोळ्यांची सोय होती, पण तिथल्या रांगेत नाव पुकारतात. म्हणून खंडवा. तेही तोंडाला स्कार्फ बांधून.

"रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी आहे," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला काही होणार नाही. मला माहीत आहे. मीच शिकवीन कुणालाही. पण तिनं हात लावला आणि मला काही आठवेना."

त्यांनी चहा केला आणि मी प्यायले. घरी जाऊन मी दोनदा हात धुतले आणि एकदा चूळ भरली. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आज सांगते.

त्यानंतर मी त्यांना शाळेबाहेर शोभाताई म्हणायला लागले.

सुरुवातीच्या वर्षांतल्या जुन्या औषधांनी त्यांच्या पायांच्या नसा बिघडवल्या होत्या. तळव्यांना सतत मुंग्या आणि आग. त्यात साखरही निघाली. एकदा चपलेतला खडा टोचला आणि त्यांना कळलंच नाही. त्याची जखम झाली आणि चार महिने भरेना. थकवा तर असा की फळ्यावर समीकरण अर्धं लिहून त्या टेबलाला टेकायच्या. तेव्हा कुणीतरी त्यांना इंदूरच्या एका खासगी केंद्राचं पत्रक दिलं. काचेच्या पेटीत माणसाला निजवायचं, आतला दाब वाढवायचा आणि शुद्ध ऑक्सिजन सोडायचा. पत्रकात जखमा होत्या, थकवा होता, आणि खाली बारीक अक्षरात एचआयव्हीही होता.

खंडव्याच्या डॉक्टरांकडे त्या मला घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे.

"जखमेला फायदा होऊ शकतो. साखरेच्या जखमांना ते देतात. थकव्याला काहींना बरं वाटतं म्हणतात, पण मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. विषाणूला त्यानं काहीही होत नाही. छातीचा फोटो आणि कान तपासून घ्या. आणि मॅडम, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ती पेटी गोळीच्या जोडीला आहे, गोळीऐवजी नाही."

मे महिन्याच्या सुटीत आम्ही इंदूरला माझ्या मावसबहिणीकडे राहिलो. बहिणीला सांगितलं, साखरेची जखम आहे. पहिल्या दिवशी शोभाताई त्या पेटीकडे बघून आल्या पावली बाहेर निघाल्या आणि रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन बसल्या. आडवी, माणसाएवढी पारदर्शक नळी, आणि पायाशी लोखंडी झाकण. "मी त्यात जाणार नाही," त्या म्हणाल्या. "वंदना, शुद्ध ऑक्सिजनमध्ये काय होतं ते मी तीस वर्षं दाखवते आहे गं."

दुसऱ्या दिवशी मात्र त्या स्वतःच मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अर्थिंगची तार कुठे जोडली आहे ते बघितलं. सुती गाऊन स्वतः चोळून तपासला. केसांना तेल नको, पिन नको, घड्याळ नको, मोबाईल नको, हे त्यांनीच त्याला म्हणून दाखवलं. तो हसला, "मैडम, आप तो इंजीनियर निकलीं."

"केमिस्ट्री पढ़ाती हूँ, बेटा. इसलिए डरती हूँ."

मला त्यांनी काचेच्या बाजूला एका ठिकाणी उभं केलं. "इथून हलायचं नाहीस." झाकण बंद झालं. आत हवेचा सूं असा आवाज सुरू झाला. दाब चढायला लागला तसे त्यांचे कान दुखायला लागले असावेत. नाक धरून त्या सारख्या आवंढे गिळत होत्या. डोळे माझ्यावर खिळलेले. एक हात काचेला आतून टेकवलेला, आणि ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं. बाहेर आल्यावर घामानं निथळत म्हणाल्या, "बारावी 'ब' ची हजेरी घेत होते. अठ्ठावीस नंबरवर अडकले. कोण आहे गं अठ्ठावीस नंबरला?"

अशा त्या रोज आत जायच्या, रोज तितक्याच घाबरून. सवय होईल असं मला वाटलं होतं. झाली नाही.

तिथल्या बाकावर एक जोडपं भेटायचं. गोकुळ आणि रेखा. तो तिशीचा, गालफडं बसलेली, सारखा खोकणारा. मी मराठीत बोलताना ऐकून त्यानं आनंदानं विचारलं, "तुम्ही कुठले, ताई? आम्ही दापोऱ्याचे."

दापोरा म्हणजे आमच्या शहराला लागूनच. शोभाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "खंडव्याचे," त्या झटकन म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडे पाठ करून बसायला लागल्या.

आठवड्याभरानं बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत रेखा आमच्या मागोमाग आली. दार लोटून हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही शिकेल दिसता. एक इचारू का? यायले ती मोठी बिमारी हाये. इथल्या साहेबानं सांगतलं का गोया बंद करा, या हवेनं सारं आतून जळून जाते. दोन महिने झाले गोया बंद हायेत. पन सांजच्यापारी ताप येते. हे बरोबर हाये का, ताई?"

शोभाताई भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिल्या. "आम्हाला त्यातलं काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. रेखा निघून गेली.

घरी आल्यावर त्यांनी ताटाला हात लावला नाही. मावसबहीण आत गेल्यावर मला म्हणाल्या, "मला माहीत आहे ना वंदना. सगळं माहीत आहे. तो मरेल. गोळ्या सोडल्या, वजन उतरलं, खोकला, ताप. आणि मी कॅलेंडर बघत बसले."

"उद्या सांगू आपण. मी सांगते," मी म्हटलं.

"तुझं का ऐकेल तो?"

दुसऱ्या दिवशी गोकुळ गाऊन घालून आत जायच्या तयारीत होता. शोभाताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "गोकुळ, गोळ्या सोडू नकोस. आज संध्याकाळीच डॉक्टरला दाखव आणि परत सुरू कर."

तो ओशाळला, मग रागावला. बायकोकडे एकदा बघितलं त्यानं. "तुम्हाले काय माहीत, ताई? तुमची त पायाची जखम हाये."

शोभाताईंनी पर्समधून ती बाटली काढली. हात इतका थरथरत होता की झाकण फिरेना. मी उघडून दिलं. त्यांनी कापूस ओढून काढला आणि एक गोळी तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरली.

"हीच ना?"

गोकुळ गोळीकडे बघत राहिला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"अकरा वर्षं घेते मी. म्हणून उभी आहे. ही पेटी माझी जखम भरेल कदाचित. ह्या आजाराला ती काही करत नाही. आणि मी खंडव्याची नाही, तेव्हा मी खोटं बोलले. मी बऱ्हाणपूरची. शोभा महाजन. सिंधीपुऱ्यात राहते, मुलींच्या शाळेत शिकवते. तू गावात जाऊन एका माणसाला सांगितलंस तरी माझं काय होईल ते तुला कळतं. तरी सांगते आहे."

रेखा तोंडात पदर घालून रडायला लागली. एवढ्यात केंद्राचा व्यवस्थापक धावत आला, "मैडम, पेशंट को मत भड़काइए!" शोभाताईंनी त्यालाच विचारलं, ह्याला खोकला आहे, ताप आहे, ह्याच्या छातीचा फोटो कधी काढला? न काढता ह्याला दाबाखाली कसं ठेवता? गोकुळनं तिथेच गाऊनची नाडी सोडली आणि आपले कपडे मागितले.

शोभाताई बाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला उलटी केली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना तिथे वेळ मिळेनाशी झाली. आज मशीन बंद, उद्या गर्दी. राहिलेली सत्रं राहूनच गेली. जखम मात्र आकसली होती, ती बऱ्हाणपूरला येऊन मलमपट्टीनं भरली. थकवाही जरा उतरल्यासारखा दिसत होता. मी उत्साहानं म्हटलं, "ऑक्सिजननं फरक पडला ना?" तर म्हणाल्या, "कोण जाणे. सुटी होती, झोप मिळाली, तुझी बहीण दोन वेळा गरम जेवायला घालत होती. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या तर कशानं झालं ते सांगता येत नाही. वहीत तसं लिहिलं तर मी मार्क कापते." पायांची आग काही गेली नाही.

शाळा सुरू झाली. रोज सकाळी स्टाफरूमच्या उंबऱ्यावर त्या क्षणभर थांबायच्या आणि एकेक चेहरा वाचायच्या. आज कळलं असेल का? कुणी दोघी हळू बोलताना दिसल्या की त्या चहा अर्धा टाकून लॅबमध्ये निघून जायच्या. दापोऱ्याहून येणाऱ्या मुली आमच्या शाळेत होत्या. एखादी मुलगी दोन दिवस गैरहजर राहिली तरी त्या मला विचारायच्या, "घरच्यांनी काढलं असेल का गं?"

आणि एक दिवस मधल्या सुटीत शिपाई सांगत आला, "मॅडम, दापोऱ्याहून एक बाई आल्यात तुम्हाला भेटायला." सगळ्या स्टाफरूमनं ऐकलं. शोभाताई उठल्या आणि माझा हात धरून फाटकापर्यंत आल्या.

रेखा केळ्यांची फणी घेऊन उभी होती. तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. गोकुळला टीबी निघाला होता. शहरातल्या सरकारी दवाखान्यात तो आठ दिवसांपासून भरती होता. टीबीची औषधं सुरू होती. डॉक्टर म्हणाले होते, आता त्या दुसऱ्या गोळ्याही सुरू करायच्या, पण तो तोंड फिरवून पडला होता. "तो म्हनते, आता काय उपयोग. मॅडमले बोलाव म्हनते."

बऱ्हाणपूरचा दवाखाना! जिथली रांग टाळण्यासाठी ह्या बाईनं अकरा वर्षं रेल्वेची तिकिटं काढली, तिथे, भर दुपारी, सगळ्या ओळखीच्या लोकांमधून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या नाही म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं.

वॉर्डच्या दारातच एका नर्सनं हाक मारली, "मॅडम! तुम्ही इथे?" आमचीच जुनी विद्यार्थिनी. "आमचा माणूस आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. गोकुळच्या उशाशी बसून त्या त्याच्याशी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी दारात होते. मला दिसलं एवढंच, की बऱ्याच वेळानं त्यानं उठून बसून रेखाच्या हातातला पाण्याचा पेला घेतला.

गोकुळ वाचला. फार दिवस लागले, पण आता केळीच्या बागेत कामाला जातो. रेखाचा मला अधूनमधून फोन येतो. शोभाताईंबद्दल दापोऱ्यात कुणाला काही कळलं नाही. त्यांची धास्ती मात्र शेवटपर्यंत गेली नाही. कुणी फोन उचलला नाही तरी त्यांना वाटायचं की कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रेल्वेतून, त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात, सुटी चालू असताना. माझ्या मुलीच्या परीक्षेसाठी मी खंडव्याला गेले होते. परतताना गाडी चांदनीला, मधल्या एका लहान स्टेशनात, बराच वेळ थांबली. पलीकडच्या फलाटावर, खंडव्याच्या बाजूला जाणाऱ्या गाडीची वाट बघत, शोभाताई बसल्या होत्या. शेजारी एक तरुण बाई, मी कधी न पाहिलेली, तोंडाला स्कार्फ बांधलेली. हातात कापडी पिशवी घट्ट आवळलेली. ती बाई एकदम उठली आणि फलाटाच्या टोकाकडे, गावाच्या रस्त्याकडे चालायला लागली. शोभाताईंनी तिला धरलं नाही, हाक मारली नाही. त्याही उठल्या आणि दुखऱ्या पायांनी तिच्या बरोबरीनं चालत गेल्या. टोकाशी दोघी थांबल्या. उन्हात बराच वेळ उभ्या होत्या. मी खिडकीतून हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मग दोघी वळल्या आणि बाकाकडे परत यायला लागल्या, आणि माझी गाडी सुटली.

संध्याकाळी मी फोन केला. "शोभाताई, आज चांदनीला कुणाबरोबर होतात?"

"चांदनी?" त्या म्हणाल्या. "मी कशाला जाऊ चांदनीला? मी तर दिवसभर घरीच होते. लोणच्याच्या बरण्या धुवत बसले होते."

"मला तुम्ही दिसलात."

"दुसरं कुणी असेल, वंदना."

"असेल," मी म्हटलं.